गॅरेज मोठे करायचे. पण नियम किती वाकेल?

मुळशी तालुक्यातील बंगलेधारकांसाठी बांधकाम नियमांतील शिथिलतेची माहिती

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले, की भूगाव, भुकूम, पिरंगुट या गावांच्या आसपास बंगल्यांच्या वसाहती दिसू लागतात. त्यांपैकी जुन्या बंगल्यांचे नकाशे मंजूर झाले, तेव्हा घरात एक मोटार असणे हीच सुस्थितीची खूण मानली जात होती. मारुती ८०० ही गाडी जेमतेम ३.३४ मीटर लांब आणि १.४४ मीटर रुंद होती. आज त्याच फाटकातून आत येणारी स्कॉर्पिओ-एन ४.६६ मीटर लांब व १.९२ मीटर रुंद असते, तर फॉर्च्युनर ४.८० मीटरच्या घरात जाते. शिवाय गाड्या दोन झाल्या, मुलाची दुचाकी आली. त्यात मुळशीचा पाऊस असा, की जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी येथे एका दिवसात ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा मुलखात गाडीवर पक्के छप्पर असावे, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे.

अडचण येते ती नकाशावर. बंगल्याच्या बाजूला सोडलेली मोकळी जागा मालकाच्या डोळ्यांना रिकामी दिसते. नियमांच्या दृष्टीने ती रिकामी नसते, राखून ठेवलेली असते. मग प्रश्न पुढे येतो, की नियमात थोडी सूट मागता येते का? कायद्यात त्याची सोय आहे. मात्र गॅरेज वाढविणाऱ्याला ज्या तीन गोष्टींत सूट हवी असते, नेमक्या त्याच तीन गोष्टी या सोयीतून वगळलेल्या आहेत. अर्ज करण्यापूर्वी हे समजून घेतले, तर निदान नकाशाचा व फेऱ्यांचा खर्च वाचू शकतो.

गॅरेज म्हणजे नेमके काय?

बोलण्यात आपण पोर्च, शेड, स्टिल्ट आणि गॅरेज हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. कायदा तसे करीत नाही. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच 'रेरा' कायद्याने गॅरेजची व्याख्या दिली आहे. प्रकल्पातील ज्या जागेवर छप्पर आहे आणि जिच्या तीन बाजूंना भिंती आहेत, ती वाहन ठेवण्याची जागा म्हणजे गॅरेज. उघडी किंवा भिंती नसलेली वाहनतळाची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. त्याआधी ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात असाच भेद केला होता. इमारतीखालील खांबांमधली जागा हे गॅरेज नव्हे, म्हणून विकसकाला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा तो निर्णय होता.

हे दोन्ही संदर्भ सदनिकांच्या विक्रीविषयीचे आहेत. एकट्या बंगल्याच्या परवानगीला ते थेट लागू पडत नाहीत. तरी त्यातला भेद बंगलेधारकानेही ध्यानात ठेवावा. केवळ वाहनांसाठी ठेवलेला, खांबांवरचा मोकळा तळमजला चटईक्षेत्रात, म्हणजे एफएसआयमध्ये, धरला जात नाही. त्याच खांबांमध्ये भिंती चढल्या आणि शटर बसले, की नगररचना विभागाच्या मनात शंका उत्पन्न होते. ती शंका अनाठायी म्हणता येणार नाही. आज गॅरेज, उद्या क्लिनिक, परवा किराणा दुकान हा प्रवास पुण्याच्या उपनगरांत पुरेसा परिचित आहे.

वाहनासाठी किती जागा हवी, याचेही माप ठरलेले आहे. मोटारीसाठी २.५ मीटर बाय ५ मीटर. फॉर्च्युनर या चौकटीत लांबीला अवघे २० सेंटिमीटर सोडून मावते. स्कॉर्पिओ मधोमध उभी केली, तर प्रत्येक बाजूस सुमारे २९ सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात दार उघडून सत्तरीच्या गृहस्थांनी उतरायचे म्हणजे कसरतच. नियमातले माप हे किमान माप आहे, सोयीचे माप नव्हे. त्यामुळे दोन गाड्यांसाठी किमान २५ चौरस मीटर पुरत असले, तरी माणूस मागतो सहा बाय सहाचे, म्हणजे ३६ चौरस मीटरचे गॅरेज. हा वरचा ११ चौरस मीटरचा फरकच पुढच्या साऱ्या पत्रव्यवहाराचे कारण ठरतो.

अर्ज कोणाकडे?

मुळशीत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, २०१५ मध्ये स्थापन झाले. तालुक्यातील पुण्यालगतच्या गावांसाठी बांधकाम परवानगी देणारी यंत्रणा तीच आहे. तथापि तालुक्यातील म्हाळुंगे, सूस, बावधन बुद्रुक ही गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेच्या हद्दीत गेली. हिंजवडीच्या आयटी पार्कची जमीन औद्योगिक विकास महामंडळाच्या नियोजनाखाली येते. रस्त्याच्या या बाजूला एक प्राधिकरण आणि त्या बाजूला दुसरे, असेही घडते. म्हणून गट क्रमांक घेऊन प्रथम आपली जमीन कोणाच्या नियोजनाखाली आहे, याची लेखी खात्री करून घ्यावी.

ग्रामपंचायतीच्या नाहरकत पत्रावर विसंबून बांधलेली घरे या पट्ट्यात कमी नाहीत. ग्रामपंचायतीकडे घराची नोंद झाली, घरपट्टी सुरू झाली, म्हणजे बांधकाम अधिकृत झाले, हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. घरपट्टी हा कर आहे, परवानगी नव्हे. मूळ घरालाच मंजूर नकाशा नसेल, तर गॅरेजच्या शिथिलतेचा अर्ज करणे म्हणजे पायाआधी कळसाची चिंता करण्यासारखे होईल.

दुसरी पाहण्याची बाब म्हणजे जमिनीचा विभाग. पीएमआरडीएने २०२१ मध्ये आपल्या क्षेत्राचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला होता. राज्य सरकारने २०२५ मध्ये तो रद्द केला. परिणामी १९९७ मध्ये मंजूर झालेल्या पुणे प्रादेशिक योजनेचे नकाशेच पुन्हा आधाराला आले आहेत. रद्द झालेल्या आराखड्याच्या भरवशावर 'इथे आता निवासी झाले आहे' असे सांगून भूखंड विकले गेले असतील, तर झोन दाखला नव्याने काढणेच शहाणपणाचे.

शेती विभागात शेतघर बांधायचे, तर जमीन किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एकराच्या आसपास, असावी लागते आणि बांधकामाचे क्षेत्र अत्यंत मर्यादित असते. तेथे मोठे गॅरेज हे त्या मर्यादेतूनच वजा होते. एकाहून पाच किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकामास वाव नाही. नदीकाठी निळी पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा, ओलांडून आत काहीही बांधता येत नाही. मुळेच्या काठावरील भूखंडांना हे विशेष लागू पडते. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचे नाव मात्र उगाच घेतले जाते. जुलै २०२४ च्या प्रारूप अधिसूचनेतील बांधकामबंदी २० हजार चौरस मीटर व त्यापुढील प्रकल्पांविषयी आहे. घरगुती गॅरेजचा तिच्याशी संबंध नाही.

शिथिलतेची तरतूद

मुंबई महापालिका व काही विशेष क्षेत्रे सोडून राज्याला लागू असलेली एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये अमलात आली. तीत प्राधिकरणाला विशेष प्रकरणांत शिथिलता देण्याचा विवेकाधिकार दिला आहे. नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीमुळे स्पष्टपणे दाखवून देता येईल अशी अडचण होत असेल, तर प्राधिकरण विशेष परवानगीने एखाद्या मापात फेरबदल करू शकते. अट अशी, की त्यामुळे इमारतीतील व शेजारच्या रहिवाशांचे आरोग्य, अग्निसुरक्षा, बांधकामाची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये.

एवढे वाचून अनेकांना हायसे वाटते. परंतु पुढचे वाक्य महत्त्वाचे आहे. रस्त्याच्या हद्दीपासून सोडावयाचे अंतर, चटईक्षेत्र निर्देशांक आणि वाहनतळाची आवश्यकता, या तिन्हींत कोणत्याही परिस्थितीत शिथिलता देता येणार नाही. अपवाद फक्त नियमावलीतच अन्यत्र तशी तरतूद असेल तेव्हाचा. याशिवाय परवानगी देताना बांधकामाचा आकार, मुदत, अनामत रक्कम, नुकसानभरपाईचा हक्क सोडणे आणि अधिमूल्य भरणे अशा अटी घालता येतात.

आता उदाहरणादाखल एक बंगला डोळ्यांपुढे आणू. भूगावच्या एका वसाहतीत रस्त्याला लागून भूखंड आहे. घर मधोमध असून डाव्या हाताला एका गाडीचे गॅरेज आहे. मालकाला ते दुप्पट करायचे आहे. सर्वांत सोपी जागा समोरची, फाटकाजवळची. गाडी वळवावी लागत नाही, अंगणही वाचते. मात्र ती रस्त्याच्या हद्दीपासूनची राखीव जागा आहे आणि तेथे शिथिलतेचा प्रश्नच उद्भवत नाही. पुढे रस्ता रुंद व्हायचा, तर याच पट्ट्यावर भिस्त असते; पौड रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना त्याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

दुसरी जागा बाजूच्या सामासिक अंतरात, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे. हे अंतर किती असावे, हे भूखंडाचे आकारमान, रस्त्याची रुंदी व इमारतीची उंची यांवरून ठरते आणि शिथिलतेचा अर्ज खऱ्या अर्थाने येथेच करता येतो. वाढीव बांधकाम चटईक्षेत्रात धरले गेले आणि तेवढे चटईक्षेत्र शिल्लक नसले, तर मात्र हाही मार्ग खुंटतो. चटईक्षेत्र कमी पडत असेल, तर नियमावलीनुसार अधिमूल्य भरून ते वाढवून घेता येते का, हे वास्तुविशारदाकडून तपासून घ्यावे. तो शिथिलतेचा मार्ग नव्हे, नियमातलाच आहे. म्हणून अधिक भरवशाचा.

तिसरा पर्याय बहुतेकांना आवडत नाही. तळमजल्यावरची एखादी खोली मोकळी करून तेथेच गाडी आणायची. त्यासाठी शिथिलता लागत नाही, फक्त सुधारित नकाशाची मंजुरी आणि भिंत काढण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा दाखला. या विषयाची चौकशी करताना पदोपदी जाणवते ते हे, की सूट मागण्यापूर्वी आपल्याच घराचा नकाशा पुन्हा पाहण्याची सवय आपल्याला नाही.

अडचण आणि गैरसोय

'स्पष्टपणे दाखवून देता येईल अशी अडचण' या शब्दांवर सारा अर्ज तोललेला असतो. गाडी मोठी घेतली, ही अडचण नव्हे. ती मालकाने स्वतः ओढवून घेतलेली गैरसोय आहे. भूखंड त्रिकोणी आहे, मागच्या बाजूला उतार आहे, मधून जुना ओढा किंवा उच्चदाब वाहिनी जाते आणि त्यामुळे नियमातील अंतरे सोडून वापरण्याजोगी जागा उरत नाही, ही अडचण होऊ शकते. घरात चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती आहे आणि गाडीच्या बाजूस जादा रुंदी हवी आहे, हे कारणही कागदोपत्री मांडता येते. अडचण जमिनीच्या अंगची किंवा माणसाच्या अंगची असावी, हौसेची नसावी.

अमेरिकेत याच गोष्टीला 'व्हेरियन्स' म्हणतात आणि तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांना तो शब्द चांगला परिचित असतो. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये विभागवार बांधकामाचे नियम केले; अशा नियमांना तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात वैध ठरविले. नियम आले तशी अपवादाची प्रक्रियाही आली. न्यू जर्सीत घरमालकाने व्हेरियन्स मागितला, तर २०० फुटांच्या आतील सर्व मालमत्ताधारकांना त्याला नोटीस द्यावी लागते, मंडळापुढे जाहीर सुनावणी होते आणि शेजारी उठून हरकत घेऊ शकतो. आपल्याकडे प्रादेशिक योजनेत किंवा विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर हरकती व सूचना मागविल्या जातात. परंतु एकट्या भूखंडाच्या शिथिलतेसाठी अशी जाहीर सुनावणी होत नाही. ज्याच्या खिडकीसमोर भिंत उभी राहायची, त्या शेजाऱ्याला ती भिंत अनेकदा पहिली वीट लागल्यावरच कळते. ही उणीव दूर व्हायला हवी, असे या प्रतिनिधीचे मत आहे. तोवर अर्जदाराने शेजाऱ्याची लेखी संमती आपण होऊन जोडावी. नियमाने ती पुरेशी नसली, तरी शेजारच्या रहिवाशांना बाधा नाही, हे सांगण्यास तिचा उपयोग होतो. गॅरेजच्या पत्र्याच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या हद्दीत पडणार नाहीत, एवढे तरी नकाशात दाखवावेच.

याच तालुक्यात नियमांचा दुसरा टोकाचा अनुभवही आहे. लवासा प्रकल्पाच्या कंपनीला राज्य सरकारने २००८ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला होता. म्हणजे शहर वसविणारी संस्थाच आपल्या हद्दीतील बांधकामांना मंजुरी देणारी. २०१७ मध्ये तो दर्जा काढून घेऊन अधिकार पीएमआरडीएकडे सोपविण्यात आले. बाजूच्या गावातील माणूस दोन मीटरच्या सवलतीसाठी रांगेत उभा असताना हे घडत होते, याची आठवण मुळशीत अद्याप निघते.

अर्ज, मुदत आणि अपील

परवानगीचा अर्ज महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली, नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत करावा लागतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, झोन दाखला, मूळ मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र ही कागदपत्रे जवळ असावीत. वसाहतीची संस्था असेल, तर तिची नाहरकत घ्यावी. शिथिलतेची मागणी मोघम नसावी. कोणत्या बाजूचे अंतर नियमाप्रमाणे किती, प्रत्यक्षात किती ठेवणार आणि का, हे आकड्यांत लिहावे. नकाशा सहा मीटरच्या गॅरेजचा आणि कारण पाच मीटरला पुरेल एवढेच, असे असेल तर अर्ज तेथेच कमकुवत होतो.

कलम ४५ प्रमाणे साठ दिवसांत निर्णय कळविला नाही, तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. पुष्कळ जण याच भरवशावर कामाला सुरुवात करतात. ही मानीव परवानगी नियमांशी सुसंगत बांधकामालाच लागू होते. शिथिलता मागणे म्हणजेच बांधकाम नियमात बसत नाही, अशी कबुली देणे. त्यामुळे साठ दिवस उलटले तरी ती आपोआप मिळत नाही. नकार आल्यास कलम ४७ खाली चाळीस दिवसांच्या आत राज्य सरकारकडे अपील करता येते. मंजुरी एक वर्ष टिकते आणि मुदतवाढ मागावी लागते.

पावसाळ्यापुरतेच छप्पर हवे असणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. पावसापासून संरक्षणासाठी तात्पुरत्या बांधकामाची परवानगी एका वेळी सहा महिन्यांपर्यंत आणि एकूण तीन वर्षांपर्यंत देता येते. दिवाळीनंतर शेड उतरवायची, हे मात्र ठरलेले असावे. पुढच्या मृगापर्यंत उभी राहिलेली तात्पुरती शेड ही तात्पुरती राहत नाही.

आधी बांधकाम, मग अर्ज

'बांधून टाका, नंतर नियमित करून घेऊ' हा सल्ला ठेकेदाराकडून हमखास मिळतो. त्याची दुसरी बाजू अशी. विनापरवाना बांधकामास कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. कलम ५३ खाली बांधकाम पाडण्याची नोटीस येते. नोटीस आल्यावर बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, हे खरे. पण त्या अर्जालाही वरचेच नियम लागू होतात.

मुंबईतील जुहू येथे तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे यांच्या बंगल्याच्या प्रकरणात हेच दिसले. बांधकाम नियमित करण्यासाठी दुसऱ्यांदा केलेला अर्ज महापालिकेने विचारात घेण्यास मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये मनाई केली, अनधिकृत भाग पाडण्याचा आदेश दिला आणि १० लाख रुपयांचा दंडात्मक खर्च बसविला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीतील जादा मजल्यांच्या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असाच कठोर निर्णय दिला होता. तेथे तर फटका बसला तो सदनिका विकत घेणाऱ्यांना.

राज्याने वेळोवेळी नियमितीकरणाच्या योजना आणल्या आहेत. २०१७ च्या प्रशमन नियमांची मर्यादा ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांची होती, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे आज उभारलेल्या गॅरेजला यांपैकी एकाचाही आधार नाही.

मंजुरी मिळून काम सुरू झाले, की जोते तपासणी करून घ्यावी आणि काम पुरे झाल्यावर सुधारित भोगवटा प्रमाणपत्र घेण्यास विसरू नये. बंगला विकताना बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात घेऊन सर्वप्रथम बंगल्याच्या बाजूला जातो आणि फीत लावून गॅरेजच मोजतो.